शिदूची आण

कुरवंडे
सोमवार, २ डिसेंबर

करिष्मा,

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून कागद घ्यावा लागला. तुझ्या दिब्रुगडच्या सासरचा पत्ता तुझ्या आईने दिला. देताना भागुबाई म्हणाली, "बाई, वरडू नगा तिला. वली बाळंतीन हाय." पत्रातून ओरडता येत नाही, हे तिला कोण सांगणार.

बातमी चांगली आहे, म्हणून लिहिते आहे. तुझ्या वडिलांनी दारू सोडली. काल दुपारी वाघजाईपुढे, सगळ्या वाडीदेखत शिदूने भंडारा उचलला. हळदीची मूठ छातीशी धरून म्हणाला, "आजपास्नं थेंब न्हाई." तुमच्या वाडीतला माणूस पोलिसाशी खोटं बोलेल, मुकादमाशी बोलेल, माझ्याशी तर रोज बोलतो, पण हळद हातात घेऊन बोलणार नाही. माझा देवीवर विश्वास नाही, हे तू जाणतेस. पण तुझ्या वडिलांचा आहे, आणि मला काम होण्याशी मतलब.

तयार कसा झाला ते सांगते. परवा वलवणहून बंगल्याच्या बागेचं काम आटपून तो माझ्याकडे आला होता. चहा दिला, तर निम्मा बशीत सांडला. मी म्हटलं, "शिदू, फेब्रुवारीत करिष्मा नातीला घेऊन येणार. या हातांनी पोर धरणार?" त्याने बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "उचलतो भंडारा. पर बाई, एकदमच का?"

मी म्हटलं, "दारू काय हप्त्याहप्त्याने सोडतात?"

हसला बिचारा. काल सकाळी शेवटची म्हणून घेऊन आला होता, ते मी चालवून घेतलं.

त्याचा फोन माझ्या कपाटात आहे. सोडायची तर सगळंच सोडायचं, त्यात तुझी ती फोनताईही आली. रोज संध्याकाळी फोन वाजतो आणि तुझा रेकॉर्ड केलेला आवाज येतो: "रामराम भाऊ, मी करिष्मा. जेवलाव का? आज घेतली नसंल तर शून्य दाबा, थोडी घेतली असंल तर एक, लय झाली असंल तर दोन." पुढे उपदेश. पिण्याआधी पोटभर जेवा. पाणी प्या. एकटे पिऊ नका. कुठली ते माहीत नसेल तर घेऊ नका. पाच वर्षं माझ्या घरी राहून शिकलीस, कॉलेजला गेलीस, पुण्यात मोठ्या संस्थेत लागलीस, ते माणसांना नीट प्यायला शिकवायला? काल शून्य दाबलं गेलं. त्यावर तुमच्या पुण्याच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. काकांचं रोज दोन असतं, आज शून्य कसं? एकदम बंद केली का? बरं वाटतंय ना? मी सांगितलं, त्यांच्या मुलीची शिक्षिका बोलते आहे, सगळं उत्तम आहे, रोज चौकशीची गरज नाही.

ग्रामसभेतलं मी विसरलेले नाही. आम्ही बायकांनी मतदान घेऊन बाटली आडवी केली, दुकानाला कुलूप लागलं, हार आणले होते, आणि तू उठून म्हणालीस, "दुकान गेलं. आता माणसं काय पितील, ते कोण बघणार?" त्यावर मी जे बोलले ते तुला आठवत असेल. इथे पुन्हा लिहायची गरज नाही.

तू पाठवलेला आसामचा चहा भागुबाईने निम्मा मला आणून दिला. बरा आहे. कडक आहे. लिहिता लिहिता दोनदा झाला.

मंगळवार, ३ डिसेंबर

पत्र टाकायला खाली लोणावळ्याला जाणं झालं नाही, म्हणून चार ओळी जास्त.

शिदूला काल दुपारपासून थोडा त्रास होतो आहे. घाम, ओकाऱ्या, अंगाला कापरं. इथे थंडी आहे, त्यात तो बिनकानटोपीचा हिंडतो. अंगात मुरलेलं विष बाहेर पडायचं म्हणजे एवढं होणारच.

वाडीला मात्र निमित्त मिळालं. देवीपुढे आण घेतली आणि दुसऱ्याच दिवशी अंग कापतंय, म्हणजे लपून प्याला आणि वाघजाईने धरला, असं सगळे म्हणतात. भागुबाईने त्याच्या तोंडाचा वास घेतला, अंथरुणाखाली बघितलं, पाण्याचा हंडासुद्धा हुंगला. शिदू म्हणत होता, "अगं न्हाई पेलो! वाघजाईची आन, न्हाई पेलो!" त्यावर म्हातारा महिपती, देवीचा भगत, दारातूनच म्हणाला, "आनीवर आन घेऊ नगं शिदू. एकच झेपंना तुला."

मी महिपतीला झापलं. शिदूला साखर-मिठाचं पाणी करून दिलं. दोन्ही हातांनी पेला धरूनही ओठाला लागेना. गोधडीवरून काहीतरी झटकत होता. म्हटलं, काय आहे? म्हणाला, "मुंग्या. तुमाला दिसत न्हाईत?" मी म्हटलं, झोप नाही झाली तुझी.

मी निघताना तो म्हणाला, "बाई, जरा फोन द्या. पोरीचा आवाज ऐकतो." मी म्हटलं, पंधरा दिवस होऊ देत.

काल संध्याकाळी फोन वाजला. तुझा तो आवाज. मी कधी नव्हे ते थोडं ऐकलं. "हात कापत असतील, घाम सुटत असंल, डोळ्यांम्होरं भलतंच काही दिसत असंल, तर भाऊ..." तेवढ्यात गॅसवर चहा उतू चालला होता. शून्य दाबून ठेवून दिला.

आज पुन्हा जाऊन येते वाडीवर.

लोणावळा, सरकारी दवाखाना
बुधवार, ४ डिसेंबर

करिष्मा, आधी हे वाच: तुझे वडील जिवंत आहेत. सलाईन लावलं आहे. झोपेत आहेत.

काल दिवस मावळताना मी वाडीवर पोहोचले. शिदू उंबऱ्याशी उभा होता. मला बघून हात जोडायला गेला, आणि एकदम ताठ झाला, लाकडासारखा, आणि तसाच आडवा पडला. हातपाय झाडायला लागला. दात घट्ट, तोंडाला फेस. बायका ओरडल्या, "आली! वाघजाई आली!" कुणी कांदा आणला, कुणी चप्पल. महिपती अंगारा टाकत होता. मी माणसाचं शरीर तीस वर्षं फळ्यावर काढून शिकवलं, करिष्मा. मी नुसती उभी होते.

भागुबाईने त्याला कुशीवर वळवलं. डोक्याखाली स्वतःचा पदर दिला. तोंडात काही घालू दिलं नाही, एकीने चमचा आणला होता तो भिरकावून दिला. मी नंतर विचारलं, तुला हे कसं ठाऊक? म्हणाली, "पोरगी सांगती की फोनात. त्ये न्हाई ऐकत, मी ऐकती."

नागफणीला पर्यटक नेणारी पप्पूची जीप खाली उभी होती. तिच्यातून आणला. वाटेत पुन्हा एकदा झटका आला. पप्पू मुंबईच्या चौघांना उतरवून आला होता, ते पैसे परत मागत ओरडत राहिले.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, आणि फार बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "रोज किती घ्यायचे? आणि सोडली कधी?"

मी म्हटलं, "रविवारी. पूर्ण सोडली. देवीपुढे शपथ घेऊन."

"एकदम?"

मी हो म्हटलं. अभिमानाने म्हणाले नाही, हे खरं. पण सवयीने आवाज तसाच आला असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सुई भरायला घेतली. भरता भरता म्हणाल्या, "इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली की मेंदू असा पेटतो. माणूस जातो यात. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

सांगितलं होतं. तुझी फोनताई सांगत होती, पुण्याच्या बाई विचारत होत्या, आणि शिदूने स्वतः मला विचारलं होतं. वर मी लिहिलं आहे, शून्य दाबलं गेलं. ते शून्य मी दाबलं. दोन्ही दिवस मी दाबलं. ते वाक्य खोडणार नाही. तू मुलांच्या वह्या तपासायला माझ्याशेजारी बसायचीस, तुला चुका वाचायची सवय आहे.

हे पत्र आत्ता टाकता येणार नाही. भागुबाईने मला इथल्या नळापाशी नेऊन हातात हात घेऊन वचन घेतलं. "पोरीला कळवायचं न्हाई. दूध आटंल तिचं. तान्हं लेकरू हाय. ह्ये हिंडाफिरायला लागू द्या, मग सांगू." मी म्हटलं, दूध असं आटत नाही. ती म्हणाली, "बाई, तुमचं लय ऐकलं."

तेव्हा पत्र पर्समध्ये राहील.

दवाखाना
शुक्रवार, ६ डिसेंबर

तो शुद्धीवर आहे. मुंग्या गेल्या. काल जेवला. आणि आज नवीनच उपद्व्याप.

डॉक्टरीणबाई उशी बदलायला लावत होत्या, तर खोळीतून गोळ्या निघाल्या. कालच्या सगळ्या. गालात धरून ठेवायचा आणि नर्स वळली की खोळीत.

"का हो काका?"

भागुबाई म्हणाली, "सांग की आता, गप का बसला?"

"डाक्टरीनबाई," तो म्हणाला, "तुमीच बोललाव ना काल, ही गोळी दारू जितं लागती तितंच लागती म्हून?"

"हो. म्हणूनच झटका थांबतो. आणि रोज थोडी थोडी कमी करत आपण ती बंदही करणार."

"म्हंजी दारूच की! वल्ली न्हाई तर सुकी. म्या भंडारा उचललाय."

शेजारच्या खाटेवरचा पाय मोडलेला माणूस फसकन हसला. डॉक्टरीणबाई नाही हसल्या. मला बाहेर घेऊन म्हणाल्या, सुईने मी किती दिवस देऊ? घरी जाऊन गोळीच घ्यायची आहे. नाही घेतली तर पुन्हा झटका येऊ शकतो, आणि दर वेळी जीप खाली उभी नसते.

मी आत गेले. खाटेवर बसले आणि समजावायला लागले. मेंदू काय, औषध काय, विष आणि औषध यांत मात्रेचा फरक कसा असतो. तुला दहावीला शिकवलं होतं तसं, चित्रासकट. तो शांतपणे ऐकत होता. झाल्यावर म्हणाला, "बाई, समदं खरं. पर भंडारा तुमी उचलाय लावला. तवा सायन्स कुटं गेलतं?"

भागुबाईने तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, कळलं नाही.

संध्याकाळी महिपती आला. शिदू प्याला नव्हता, हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकल्यापासून तो जरा वरमला आहे. खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "उतरवायचा मंग. त्यात काय? आमच्यात रीत हाय. ज्यानं आन घालाय लावली त्यानंच ती उतरवायची. पर रिकाम्या हातानं न्हाई उतरत. आपलं काय तरी देवीपाशी ठेवावं लागतं. ठेवलं की त्याला परत शिवायचं न्हाई."

"काय ठेवायचं?"

"आन ज्याची, त्यो सांगंल ते."

शिदू डोळे मिटून पडला होता. डोळे न उघडताच म्हणाला, "बाई न्हाई उतरवायच्या. त्यांच्या मंडळाची आब्रू हाय त्यात."

आणि ते खरं आहे. तुला माहीत आहे माझं दारूबंदीचं मंडळ. अशा आणांवरच ते उभं आहे. तीन वाड्यांत मी पुरुषांना भंडारा उचलायला लावला आहे. मंडळातल्या नंदाबाईला कळलं, तर ती फोनवर किंचाळली, "बाई, वेड लागलं का तुम्हाला? तुम्हीच आण उतरवलीत तर उद्या सगळे भाडखाऊ रांगेत उभे राहतील! माझा नवरा तर पहिला!" मी म्हटलं, त्यांचेही हात बघावे लागतील. ती म्हणाली, "हात कसले बघताय? मतदान परत झालं तर दुकान उघडेल!" मी फोन ठेवला.

आण उतरवली तर शिदू उद्या प्यायला बसणार नाही कशावरून? कशावरूनच नाही. आणि न उतरवली तर तो गोळी घेणार नाही. दोन्ही मला दिसतं आहे. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालते आहे आणि नर्स मला खाली बसा म्हणते आहे.

टपरीवरचा चहा घेतला. पुळकवणी.

कुरवंडे
रविवार, ८ डिसेंबर

काल सकाळी दवाखान्यात जाऊन शिदूला म्हटलं, "उतरवते. सांग काय ठेवू."

तो उठून बसला. रात्रभर कुणी झोपू दिलं नव्हतं त्याला, असा चेहरा. माझ्या मनात होतं, तो मंडळाचं काहीतरी मागेल, नाहीतर म्हणेल वाडीत पाय ठेवू नका. मी त्याच्याही तयारीने गेले होते. तो माझ्याकडे बघून हळूहळू हसायला लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दात दिसले.

"च्या," तो म्हणाला.

"काय?"

"च्या ठेवा, बाई."

भागुबाई खो खो हसली. म्हणाली, "अवो, मरतील त्या!" पाय मोडलेला म्हणाला, "काका, लई मोठं मागितलं." मी म्हटलं, "एवढंच ना? ठेवला." शिदू म्हणाला, "एवढंच म्हनताय. बरं."

आज दुपारी वाघजाईच्या देवळात गेले. वाडी सगळी जमली होती. नंदाबाई हाताची घडी घालून मागे उभी होती, मंडळाच्या दोघी तिच्याबरोबर. गेल्या रविवारी याच ओट्यावर उभी राहून मी बोलले होते, आणि टाळ्या पडल्या होत्या. महिपतीने हळदीची वाटी माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं, पटकन उरकून टाकीन. शब्द ठरवून गेले होते. ऐनवेळी ते आठवेनात. वर्गात असं कधी झालं नाही.

मी म्हटलं, "शिदूला आण मी घालायला लावली. तो प्याला नाही. लपून प्याला असं तुम्ही म्हणालात, ते खोटं. त्याने आण पाळली, म्हणून तो मरत होता. आण माझी चुकली. ती मी काढते. डॉक्टरांची गोळी दारू नाही, ती त्याने घ्यायची. आणि बाकी ज्यांना मी भंडारा उचलायला लावला, त्यांतल्या कुणाचा हात कापत असेल, झोप उडाली असेल, तर लपवू नका. माझ्याकडे या. मी दवाखान्यात घेऊन जाईन."

टाळ्या नाहीत. कोंबड्या ओरडत होत्या. मी हळद देवीच्या पायाशी ठेवली. महिपती म्हणाला, "आनि तुमचं?" मी घरून आणलेला तुझ्या चहाचा पुडा पदराखालून काढून हळदीशेजारी ठेवला.

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बया, पत्तीच ठिवली!" आणि बायका हसल्या. नंदाबाई नाही हसली. निघून गेली.

महिपतीने चिमूटभर हळद कागदात बांधून दवाखान्यात पोचवली. शिदूने ती कपाळाला लावली आणि गोळी गिळली. नर्सने जीभ उचलायला लावून बघितलं.

बुधवार, ११ डिसेंबर

शिदू काल घरी आला. गोळ्या कशा कमी करत न्यायच्या ते डॉक्टरीणबाईंनी भागुबाईला समजावलं. मला नाही समजावलं.

मंडळाची बैठक होती, कुणी आलं नाही. वाडीतले दोघे मात्र आले. एकाने अंगणातच हात पुढे धरला आणि म्हणाला, "बघा." कापत होता. पप्पूच्या जीपमधून घेऊन गेले. दुसऱ्याला नुसतंच विचारायचं होतं, की त्याची आण उतरवायला मी काय ठेवीन. त्याला हाकललं.

पुण्याच्या त्या बाईंना मी स्वतः फोन केला. नाव उज्ज्वला. शून्य कुणी दाबलं, ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, याचाच राग आला. म्हणाल्या, "असं बऱ्याच घरांतून होतं, मॅडम. कुणी बायको दाबते, कुणी मुलगा. आम्ही आता विचारायला लागलोय, फोन कुणाच्या हातात आहे ते."

जास्त लिहवत नाही. डोकं ठणकतं आहे.

शुक्रवार, १३ डिसेंबर

डोकं. कपाळाच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकल्यासारखं. काल पोळी करताना तव्यावर हात टेकला. दूधवाल्याला उगाच बोलले. सकाळी उठले आणि काय करायचं ते सुचेना. गॅसपाशी उभी राहिले, मग पाणी प्यायले, मग पुन्हा गॅसपाशी. पुडा देवळात आहे, पण दुकानात चहा मिळत नाही असं थोडंच आहे. मी आणला नाही. माझा देवीवर विश्वास नाही. शब्द दिला आहे, तो वेगळा.

अक्षर वाकडं आलं आहे, त्याचं कारण हेच. दुसरं काही समजू नकोस.

रविवार, १५ डिसेंबर

आज संपवते. भागुबाईने सकाळी निरोप दिला, "आता कळवा पोरीला. मी बी फोन करीन, पर समदं मला सांगता यायचं न्हाई." म्हणजे वचन सुटलं. उद्या पत्र टाकते.

दुपारी चारला दार वाजलं. शिदू. कानटोपी घालून, दाढी करून, हातात झाकण लावलेला स्टीलचा पेला. वाडीवरून चालत आला होता. मी ओरडले, तुला डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे का एवढं? तो आत येऊन पाटावर बसला, पेला माझ्यासमोर ठेवला आणि झाकण काढलं.

चहा. तुझा आसामचा. निम्मा पेला.

"हे काय?"

"प्या."

"मी ठेवला आहे, शिदू."

"तुमी एकदम ठिवला. म्या आसं कवा बोललो? च्या ठेवा म्हनलो. तुमीच एकदम ठिवला." मग त्याने तुझा आवाज काढला, फोनातला, हुबेहूब. "भाऊ, एकदम बंद करू नका. आज निम्मा, चार दिसांनी त्येच्या निम्मा. तरास झाला तर सांगा."

मी झाकण पुन्हा पेल्यावर ठेवलं. डोक्यातले खिळे बोलत होते.

"आणि आण?" मी विचारलं.

"सकाळी उतरवली तुमची. म्याच घालाय लावलती, म्हून मलाच उतरवाया लागली. महिपतीआबा व्हते."

"रिकाम्या हाताने उतरत नाही ना? तू काय ठेवलंस?"

तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. बंगलामिक्स तुला माहीतच आहे. वलवणच्या बंगल्यांवर शनिवार-रविवारचे पाहुणे येऊन जातात, सोमवारी साफसफाईची माणसं तळाशी उरलेल्या बाटल्या घेऊन वाडीत येतात, व्हिस्की, बिअर, वाइन, आणि त्यात खालून आलेल्या प्लास्टिकच्या फुग्यांतली गावठी, सगळं एका हंड्यात. दुकान बंद झाल्यापासून हंडा मोठा झाला आहे. हे मी आत्तापर्यंत कुठे लिहिलं नाही, बोलले तर मुळीच नाही. तू ग्रामसभेत विचारलेलंस त्याचं उत्तर तो हंडा होता.

"सोमवारची ठिवली," शिदू म्हणाला. "हंड्यातली. ती आता न्हाई. कंदीच न्हाई."

"आणि बाकीची?"

"बाकीचं काय बोलत न्हाई, बाई. आत्ता न्हाई पीत. गोळी चालू हाय. म्होरचं म्होरं. खोटं बोलू का?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, निम्म्या आणेला आण म्हणतात का. तेच ते, जे गेली कित्येक वर्षं मी ओट्यावर उभी राहून म्हणते आहे. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. बोटं अजून जराशी हलत होती, पण पेला वाडीपासून आणताना सांडला नव्हता.

मी चहा प्यायले. गार झाला होता. खिळे एकेक करून निघायला लागले, आणि मला फार राग आला, कुणाचा ते सांगता येत नाही.

मग उठून कपाट उघडलं आणि त्याचा फोन त्याला दिला. त्याने तो सदऱ्याला पुसला, कानाशी धरून बघितला. निघतो म्हणाला, पण निघेना. उन्हं कलेपर्यंत बसून राहिला. नातीचं नाव काय ठेवलंय विचारत होता. मी म्हटलं मला काय ठाऊक, मला कोण सांगतं.

फोन वाजला तेव्हा तो दचकला. आवाज मोठा करून ठेवला होता, मलाही ऐकू येत होतं. रामराम भाऊ, मी करिष्मा. जेवलाव का? तो फोनला म्हणाला, "व्हय गं, जेवलो." पुढे तुझं सुरू झालं: घेतली नसंल तर, थोडी घेतली असंल तर. शिदूने बोट पुढे केलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी रिकामा पेला घेऊन मोरीवर धुवायला गेले. त्याने काय दाबलं ते मी पाहिलं नाही. तुला तिकडे दिसेल.

राजेश्वरी